लोर्नाच्या टेकडीवरची तेलविहीर

वाटणीच्या वेळी म्हातारा ब्रेके थोरलीला म्हणाला होता, "अर्डिस, तू इथं राहिलीस, माझं केलंस. आधी तू निवड." अर्डिसनं ओढ्याकाठची काळी, गव्हाची जमीन घेतली. धाकट्या लोर्नाच्या वाट्याला टेकडी आली. सगळे दगडगोटे, बकरीसुद्धा चरायची नाही. लोर्ना हसत हसत सही करून फार्गो शहरात नवऱ्याकडे निघून गेली. त्या दिवशी अर्डिसला बहिणीची कीवच आली होती.

पुढं नॉर्थ डकोटाच्या त्या भागात तेलवाले आले. जमिनीखाली दोन मैलांवरच्या दगडात तेल होतं. जमीन ज्याची, त्याला दर पिंपामागं पैसे मिळायचे. पहिलं भोक अर्डिसच्या गव्हात पडलं. सुरुवातीला दिवसाला सहाशे पिंपं निघाली, आणि वर्ष-दीड वर्षात साठावर आली. दगडातल्या तेलाची रीतच ती, भसकन येतं आणि आटतं. दोन वर्षांनी कंपनी टेकडीवर गेली. तोवर त्यांचा हात बसला होता. भोक आडवं लांबवर नेलं, दगड चांगला फोडला. लोर्नाची विहीर नऊशेनं सुरू झाली आणि तीन वर्षं झाली तरी तीनशेच्या खाली यायचं नाव घेईना.

हे आकडे अर्डिसला तोंडपाठ होते, कारण रोज सकाळी ते तीच घेत होती. नवरा गेल्यावर तिनं कंपनीच्या विहिरी राखायचं काम धरलं होतं. गाडीनं अठरा विहिरी फिरायच्या, टाक्यांत पट्टी सोडून तेल मोजायचं, काही बिघडलं असेल तर कळवायचं. टेकडीवरची पट्टी वर ओढताना तिची नजर तेलाच्या खुणेवर जायची आणि पोटात कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. 'जिनं बापाला एक दिवस पाणी दिलं नाही, तिला!' स्वतःच निवडलं होतं, हे आठवलं की निखारा आणखी फुलायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी, थंडी उणे तीसवर असताना, टेकडीवरच्या पंपाचा दांडा खाली जाताना अडखळतोय, असं तिला दिसलं. थंडीनं तेलातलं मेण गोठून आत दांड्यावर धरलंय, हे तिला तिथल्या तिथं कळलं. त्याच दिवशी कळवलं असतं, तर गरम तेलाची गाडी येऊन तासाभरात मेण वितळवून दांडा मोकळा करून गेली असती. अर्डिस गाडीत बसली, थर्मासमधली कॉफी प्याली आणि वहीत लिहिलं, 'ठीक.'

दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी, चौथ्या दिवशी एकशे नव्वद. अर्डिसला कित्येक महिन्यांनी छान भूक लागली. रोज ती 'ठीक' लिहीत गेली. दहाव्या दिवशी दांडा आतच तुटला. त्यात हिमवादळ आलं, रस्ते बुजले, आणि दुरुस्तीची माणसं यायला तीन आठवडे गेले.

लोर्नाचा फोन आला. "अगं, विहीर बंद पडली म्हणे? ते जाऊ दे. तू असल्या बर्फात कुठं पडलीबिडली नाहीस ना?"

"नाही," अर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

दांडा वर काढला तर मेणानं मनगटाएवढा जाड झालेला. मुकादम डेल्बर्ट भडकला. "हा एमिल! मेण धरू नये म्हणून विहिरीत औषध टाकायला ठेवलाय, तर गाडीत झोपा काढतो. तुझ्या वहीत तर सगळं ठीक आहे. आज घालवतोच त्याला."

एमिल बाजूलाच टोपी हातात घेऊन उभा होता. "साहेब, देवाशपथ टाकलं होतं हो," एवढंच तो म्हणत होता. त्याच्या बायकोला सातवा महिना होता.

अर्डिस गप्प राहिली असती, तर कुणाला कळलं नसतं. ती म्हणाली, "डेल्बर्ट, त्याला सोड. दांडा अडखळताना मी पाहिला होता. दहा दिवस पाहत होते."

"मग लिहिलं का नाहीस?"

"विहीर माझ्या बहिणीची आहे म्हणून."

डेल्बर्टनं एमिलला कामावर परत पाठवलं. अर्डिसचीही नोकरी गेली नाही, पण टेकडी तिच्या फेरीतून काढली गेली आणि एका टेक्सासच्या माणसाकडं गेली.

ईस्टरला लोर्ना आली. जेवताना अर्डिसनं तिला सगळं सांगितलं, काही न झाकता.

लोर्नानं काटा खाली ठेवला. "विहीर बसत होती तेव्हा तुला बरं वाटत होतं?"

"फार."

"हं," लोर्ना म्हणाली. "तुझी विहीर साठावर आल्याचं कळलं ना, तेव्हा मी केक आणला होता."

"काय?"

"चॉकलेटचा. नवऱ्याला म्हटलं, असाच आणलाय. आबा मरेपर्यंत फोनवर 'अर्डिस अशी, अर्डिस तशी' करायचे. आणि वर निवडायलाही आधी तूच!"

"भवाने!" अर्डिस ताडकन उठली. "मी इकडं रडत होते, आणि तू केक खात होतीस?"

"दोन तुकडे," लोर्ना म्हणाली.

मग दोघी भांड्यांना लागल्या. लोर्ना घासत होती, अर्डिस पुसत होती. शेवटची परात पुसताना अर्डिसला राहवेना.

"आता किती निघतं तुझं?"

"दोनशे साठ."

पोटात जळायचं ते जळलंच. "घसरलीय म्हणजे," अर्डिस म्हणाली आणि परात जागेवर ठेवली.