हरवलेल्या चकत्यांचं दुकान

सासूबाई गेल्यावर वर्षभरात आमच्या दोन चुली झाल्या. भांडण असं काही नव्हतं, घर लहान पडत होतं एवढंच. पण भांड्यांच्या वाटणीला बसलो आणि मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघीही अशा काही न्यायाधीश झालो की विचारता सोय नाही. मध्ये नणंद बसलेली. एक पातेलं इकडे, एक तिकडे. शेवटी उरला सासूबाईंचा पितळी सोऱ्या. त्यातून पडलेल्या चकलीचा काटा बोटाला टोचायचा, इतका सुरेख. तो दोघींनाही हवा होता आणि "तू घे" म्हणायला एकीचीही जीभ वळेना. नणंद वैतागून म्हणाली, "मग करा त्याचे पण दोन भाग!"

ती टोमणा मारत होती. आम्ही खरंच दोन भाग केले. भांडं आणि दट्ट्या माझ्याकडे आला, आत बसणाऱ्या शेवेच्या, चकलीच्या, कुरडईच्या चकत्या तिच्याकडे गेल्या. पुढे कित्येक दिवाळ्या आम्ही बाजारच्या सोऱ्यातून बोथट चकल्या पाडल्या आणि एकमेकींच्या घरी ताटं भरभरून पाठवल्या.

माझे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, अंबडला एका कारखान्यात टर्नर होते. पुढे त्यांनी धातू कातायचं जुनं लेथ मशीन घेतलं, घरामागे पत्र्याची शेड टाकली आणि कारखान्यांची किरकोळ कामं घरीच करू लागले. मग मोठ्या, नव्या मशिनी आल्या आणि ही कामं हळूहळू आटली. भाऊजी एरवी बोलघेवडे. पण तेव्हा शेडमध्ये जायचे, मशीन पुसायचे आणि न बोलता परत यायचे. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला होकार देऊन टाकला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार होता. मशीनबरोबर हा माणूसही जाईल अशी मला धास्ती वाटायची.

गणपती उठले आणि जाऊ माझ्या दारात आली. "ताई, सोऱ्याचं भांडं द्या ना थोडे दिवस."

मला वाटलं, आता ही उरलेला अर्धा भाग न्यायला आली. मी कशाला म्हणून विचारलं, तर तिनं मोबाइल पुढे केला. फराळाच्या कुठल्याशा ग्रुपवर एकीनं लिहिलं होतं: आईचा पितळी सोऱ्या आहे, पण चकलीची चकती हरवली, कुठे मिळेल? खाली 'माझीपण', 'माझीपण' अशी बायकांची रांग लागलेली. जुने सोरे तांबटांनी हातानं घडवलेले. प्रत्येकाचं तोंड जरा वेगळं. बाजारची चकती त्यात बसत नाही.

मी शहाणपणा शिकवला. "त्यापेक्षा चकल्याच विक की. ऑनलाइन सगळ्याच विकतात."

"म्हणून तर नाय विकायच्या," ती म्हणाली. "सगळ्या विकतात तिथं मला कोण विचारतंय? मला सगळं गाव गिऱ्हाईक नको, ताई. ज्यांची चकती हरवली तेवढ्याच बाया पाहिजेत."

भाऊजी शेडच्या दारातून म्हणाले, "अशा बाया असून असून किती असतील?"

"थोड्याच असतील. पण त्यांना तुमच्याशिवाय कोण हाय?"

माझ्याकडचं भांडं आणि तिच्याकडच्या चकत्या तिनं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला आणि दुकान उघडलं. दुकान म्हणजे मोबाइलवरचं एक पान. सुरुवातीचं काम साफ फसलं. बायकांनी पोरांच्या फूटपट्टीनं सोऱ्याचं तोंड मोजलं, तेही बाहेरच्या कडेनं. चकत्या आत जाईनात, सगळ्या परत आल्या. भाऊजींनी त्या खिळ्याला अडकवून ठेवल्या. "घ्या, तोरण झालं," म्हणाले. मला हसू आलं, जावेला नाही. ती रात्रभर विचार करत असणार, कारण सकाळी तिनं सगळ्यांना कळवलं: सोऱ्याच्या काठाला ओलं कुंकू लावा, कागदावर ठसा उठवा आणि तो कागद पोस्टानं पाठवा. ठशाची आतली कड म्हणजे चकतीचं माप. इतकं सोपं! मग पाकिटं येऊ लागली आणि प्रत्येकातून लाल वर्तुळ निघू लागलं.

एकीनं मात्र लिहिलं, 'आमच्या घरात आता कुंकू नसतं.' ते वाचून जावेनं लगेच मोबाइल उघडला. मग तिनं सूचनेतलं कुंकू काढलं आणि सगळ्यांसाठीच हळद लिहिली. त्या बाईला वेगळं उत्तर पाठवलं नाही, की तिला वेगळं पाडलं नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू?

भाव मात्र तिनं चांगला सणसणीत लावला होता. मी म्हटलं, "अगं, एवढ्यात नवा सोऱ्या येतो."

"नवाच घ्यायचा असता तर माझ्याकडं कशाला आल्या असत्या?"

भाऊजी पितळेचा पत्रा लेथवर गोल करायचे, मग बारीक कानशीनं चकलीची चांदणी घासायचे आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायचे. अधूनमधून गुणगुणायचेही. तरी भंगारवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवलं नाही. "दिवाळीपुरती हौस हाय ही," म्हणायचे. "दिवाळी सरली की मी परत भिंतीकडं बघत बसायचा. त्यापेक्षा जाऊ दे ते."

दसऱ्याला मी शेडमध्ये गेले तर मशीनला झेंडूची भलीमोठी माळ. "वहिनी, औंदा नारळ पण मोठा आणलाय," भाऊजी म्हणाले. "जाताना मशीन रुसायला नको." मला तिथं उभं राहवेना. तेवढ्यात जाऊ नुकतंच फोडलेलं पाकीट घेऊन आली आणि तिनं कागद त्यांच्या हातात ठेवला. पिवळा ठसा आणि खाली दोन ओळी: 'कुरडईची चकती हवी. कुरडया उन्हाळ्यात करायच्या आहेत, घाई नाही. पण नक्की करून द्या.'

भाऊजींनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. नंतर घडी घालून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. भाऊजी मशीनवर वाकून काम करत होते, माळ तशीच होती. भंगारवाल्यानं विचारलं, "काय भाऊ, हलवायचं ना?"

"नाय. काम हाय." इतकंच म्हणाले. दारात उभ्या असलेल्या जावेनं पदर तोंडाला लावला. मग भाऊजींनीच मान वर केली. "का हो, भंगारात पितळी सोरे येतात का? बिनचकतीचे?"

"बिनचकतीचेच येतात."

"मग मोडू नका. इकडं आणा."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी जाऊ माझं भांडं परत द्यायला आली. आत फडक्यात काहीतरी बांधलेलं होतं. मला वाटलं, भाऊजींनी माझ्यासाठी नव्या चकत्या केल्या असतील. सोडून बघितलं तर कडा काळवंडलेल्या जुन्या चकत्या निघाल्या, सासूबाईंच्या.

"अगं, ह्या तुझ्या वाटणीच्या."

"राहू द्या. आमच्याकडं आता चकत्यांना काय तोटा?"

मी चकलीची चकती आत सोडली. ती तळाशी टक्कन बसली आणि माझे डोळे भरून आले. जावेला आता असं जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून मी भाजणीचा डबा काढला आणि तिच्यापुढे पाट सरकवला. दोघींनी मिळून एकाच कढईत चकल्या तळल्या. त्या दिवाळीला एकमेकींकडे ताटं पाठवायची वेळच आली नाही.