कपाळावरचा अंगठा

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून शिकतोच आहे. धर्मावर लिहिण्याइतकं मला काही कळत नाही. आमची घरची बोली इथे लिहिली तर बऱ्याच जणांना समजणार नाही, म्हणून आईचं बोलणंही मी साध्या मराठीत आणलं आहे. त्यात तिचा ठसका गेला, याचं वाईट वाटतं.

आम्ही सांडोरचे ख्रिस्ती. केळीची छोटी वाडी आहे. आई भाजी घेऊन वालीवच्या बाजारात बसते. तिथे एक बाई यायची, मराठवाड्यातून आलेली. नवरा एका वर्कशॉपमध्ये कामाला. एकदा तिने घेतलेली भाजी परत टोपलीत ठेवली आणि तोंडाला पदर लावून खोकत बसली. टीबी होता. सहा महिने गोळ्या घ्यायच्या आणि पोटात अन्न नाही. तेव्हापासून आई दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की डबा घेऊन तिच्या चाळीत जायला लागली. पेज, उकडलेली अंडी, राजेळी केळी.

आमच्याकडे कुणी आजारी असलं, परीक्षेला निघालं, तर आई अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढते. हात आपोआप जातो. एका रविवारी चाळीतून निघताना तो त्या बाईच्याही कपाळावर गेला. दारातून कुणीतरी मोबाईल धरला होता.

ती क्लिप मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पाहिली. खाली भीतीदायक संगीत, अंगठ्याभोवती लाल गोल. आईच्या चेहऱ्यावर हसणाऱ्या बाहुल्या चिकटवल्या होत्या. समोरचा मुलगा म्हणाला, "काय रे, धर्म बदलला की तुमच्याकडे तांदळाची गोण किती किलोची देतात?" सगळे हसले. दुसऱ्याने विचारलं, "ही तुमच्या गावातली का?"

मी म्हणालो, "असेल. अशा बऱ्याच आहेत."

त्या क्लिपची किळस येते, पण या वाक्याची जास्त येते.

क्लिप फिरवणारी चार-पाच पोरं चाळीच्या मालकाला घेऊन त्या बाईच्या नवऱ्याकडे गेली. आई आमिष दाखवून धर्म बदलायला लावते, असं कागदावर लिहून आणलं होतं. नवऱ्याने सही केली. आईला चौकीत बोलावणं आलं. निघताना मी म्हणालो, "गळ्यातला क्रूस आत घाल." तिने माझ्याकडे पाहिलं आणि चप्पल शोधायला लागली. क्रूस बाहेरच राहिला.

चौकीबाहेर ती पोरं उभी होती. एकाने हाक मारली, "ए मावशी, आमच्या पण कपाळाला लाव ना!" आई थांबली. "ताप आहे का तुला?" एवढंच विचारून ती आत गेली. त्याच्या मागचे दोघे हसले आणि त्याने त्यांना शिवी घातली.

साहेब वैतागलेले होते. "डबा द्यायचा आणि निघायचं ना मावशी. हात कशाला लावता?"

"ते चुकलं साहेब. तिला विचारायला हवं होतं. पण डबा बंद नाही करणार."

"आणि हा कागद?"

मी बोलायला लागलो तर तिने माझं मनगट दाबलं. समज देऊन आम्हाला सोडलं. रिक्षात मी चिडून म्हणालो, "कागद खोटा आहे हे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मालकाने त्यांना खोलीतून काढलं असतं. गोळ्या चालू आहेत तिच्या."

गावातही लोक सल्ले द्यायला आले. आपल्यामुळे सगळ्यांना त्रास नको, असं चहा पिता पिता सांगून गेले. आमच्याच पाटावर बसून. मला त्यांच्या कपांनाही हात लावावासा वाटेना. आईने विसळले.

चाळीत जाता येईना, म्हणून ती सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसायला लागली. ती बाई गोळ्या न्यायला आली की डबा तिथेच. पोरं समोरच्या टपरीवरून शूटिंग करत. तिसऱ्या खेपेपासून मीही शेजारी बसलो.

मग एक दिवस ती आली नाही. पुढच्या वेळीही नाही. सही देऊनही मालकाने खोली रिकामी करून घेतली होती. दोन महिन्यांच्या गोळ्या बाकी होत्या आणि ती कुठे गेली कुणालाच माहीत नव्हतं. आई भरलेला डबा घेऊन परत यायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंना दर वेळी विचारायची, मिस्सेत तिच्यासाठी प्रार्थना मागायची. तिच्या नवऱ्याचं नाव जरी निघालं तरी मला शिसारी यायची. आई त्याच्यासाठीही मागायची.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उचलला. तोच होता, गावाकडून बोलत होता.

"मावशीला सांगा," तो म्हणाला, "इकडच्या दवाखान्यातून गोळ्या पुऱ्या केल्या. थुंकीचा रिपोर्ट साफ आलाय."