अण्णांनी सरळ केलेली यादी

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी चहासोबत टाईमपास म्हणून वाचायचो. विश्वास कधीच ठेवला नाही, आणि आपलाही लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं... पण हे घडलं तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून लिहितोय.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो उन्हाळा. वडिलांना, म्हणजे अण्णांना, अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो होतो. अण्णांची उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. ते जुने टायपिस्ट. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा गावांच्या याद्या त्यांनी टाईपरायटरवर बडवल्या होत्या. कॉम्प्युटरला मात्र आयुष्यात हात लावला नाही.

त्या दिवशी दुपारी तीनला काही ओळखीच्या स्वयंसेवकांनी टँकरची यादी पाठवली. प्रत्येक ओळीत गाव आणि तालुका उलटसुलट पडलेले. पाचच्या आत नीट करून द्यायची, नाहीतर उद्याच्या खेपा अडणार. मित्राने माझ्या लॅपटॉपवर बळेच मजकूर सुधारायचा एक एडिटर टाकून दिला होता — विम. माउस नाही, सगळं कीबोर्डवरच. काम दसपट लवकर होतं म्हणे. घाईत तोच उघडला, आणि मला त्यातून बाहेरही पडता येईना. एकेक ओळ सुधारत चाळीसपर्यंत गेलो आणि डोकं धरून बसलो.

अण्णांची डावी बोटं चादरीवर सारखी हलत होती.

"टाईप करायलेत रे," आई म्हणाली. "दे की त्यांना. तेवढंच बरं वाटंल."

मलाही वाईट वाटलं. आहे तसाच लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी खाली पाहिलंही नाही. थांबत थांबत दहा-बारा बटणं दाबली. एक ओळ सरळ झाली. मग त्यांनी चार आकडे दाबले. स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटले तसे आईने वाचले — एक, तीन, आठ, दोन. वर आणखी दोन बटणं. स्क्रीन थरथरल्यासारखा झाला... आणि शेवटपर्यंत सगळी यादी सरळ.

मी पुन्हापुन्हा तपासली, मित्राला फोनवर विचारून सेव्ह केली आणि पाठवली. दुसऱ्या दिवशी टँकर निघाले.

मित्राने नंतर समजावलं. एक ओळ करताना एडिटरला ती कृती शिकवायची, मग तितक्या वेळा कर म्हणून सांगायचं. हात बसायला महिने लागतात, म्हणाला. मूळ फाईल काढून मी मोजलं. त्या क्षणी उरलेल्या ओळी तेराशे ब्याऐंशीच होत्या. तो आकडा मलाही माहीत नव्हता.

पुढे बऱ्याचदा लॅपटॉप दिला, पण अण्णा टायपिंग क्लासातला पहिला धडाच गिरवायचे. पावसाळ्याआधी ते गेले.

एकदा मी विचारलं होतं, "अण्णा, हे कुठं शिकलात?" त्यांनी माझा हात ओढून घेतला, एकेक बोट नीट वाकवून कीबोर्डवर ठेवलं, आणि वरून थोपटलं. शिकवणाऱ्याने थोपटावं तसं.

आज तो एडिटर मला पाठ आहे. त्या दुपारचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.