अर्जात न बसणारा राग

तीस वर्षं मी रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आमच्या आळीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहिले. आमच्याकडे इंग्रजी लागतं ते अर्जापुरतंच. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात, मध्ये ‘हम्बली’ दोनदा, ‘काइंडली’ तीनदा, शेवटी ‘युअर्स ओबिडियंटली’. माझ्या हातचा अर्ज फुकट जात नाही अशी ख्याती होती. ती बरीचशी मीच पसरवली होती.

मागच्या वर्षी शेजारच्या भाबी लेकीला घेऊन आल्या. त्यांचा नवरा आखातात एका कंपनीच्या खानावळीत स्वयंपाकी आहे. लेकीचा निकाह तीन आठवड्यांवर आला होता आणि कबूल केलेली रजा तिथल्या साहेबाने दुसऱ्यांदा रद्द केली होती. पासपोर्टही कंपनीने स्वतःकडे ठेवलेला. साहेबाला भाबींच्या नावाने ईमेल पाठवायचा होता.

मी दहा मिनिटांत मजकूर लिहिला आणि त्याचा अर्थ सांगितला. भाबींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, ही तर विनवणी,” त्या म्हणाल्या. “मना राग आलाय. तो कुठं लिवलाव?”

मला झोंबलं. साहेबलोकांशी गोडच बोलावं लागतं, असं मी जरा चढ्या आवाजात सुनावलं. गोड बोलून दोनदा झालंय, असं त्या म्हणाल्या. मग नवा कागद घेतला, तर पेन हलेना. ‘अँग्री’चं स्पेलिंग मी शेकडो पोरांकडून घोटून घेतलं असेल, पण स्वतः तो शब्द कधी कुणाला लिहिला नव्हता.

बायको आजारी होती तेव्हा माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पोफळी गावाच्या बाजूला झाली होती. ती रद्द करा म्हणून मीही ‘हम्बली’ विनंती केली. उत्तर आलं नाही, म्हणून आणखी नम्र अशी दुसरी केली. बायकोचे शेवटचे महिने मी फक्त रविवारी पाहिले. पोटात राग मावत नव्हता, पण अर्जात त्याला जागाच नव्हती. हे मी कधी कुणाला बोललो नव्हतो, त्या दिवशी भाबींना सांगून टाकलं. लेकीने उठून मला पाणी आणून दिलं.

मग डिक्शनरी काढली. ‘फ्युरियस’ मला आरडाओरडा करणारा वाटला. पुढे ‘इंडिग्नंट’ सापडला. भाबींना म्हटलं, दूध उतू गेल्यावर येतो तो राग निराळा. आपल्यावर अन्याय झाला की येतो, त्याला हा शब्द आहे. हाच पाहिजे, त्या म्हणाल्या. शेवटी तीनच वाक्यं लिहिली. मला संताप आला आहे. तुम्ही शब्द दिला होता. हे चूक आहे. लेक फोनवर टाइप करत असताना मी सवयीने खाली ‘ओबिडियंटली’ सांगितलं. भाबींनी अर्थ विचारला आणि ते खोडायला लावलं.

निकाहाच्या चार दिवस आधी नवरा घरी आला. खजुराचा डबा घेऊन माझ्याकडे आला तेव्हा सांगत होता, साहेबाने बोलावून विचारलं, हे लिहिलं कोणी?

“मी बोललो, माझ्या बायकोनं,” तो म्हणाला, आणि काय कौतुकाने हसला.

एरवी माझं नाव न घेतल्याचं मला लागलं असतं. पण तो खरंच बोलला होता. तो गेल्यावर मी डबा बायकोच्या फोटोपाशी ठेवला. तिच्यासाठी मी अशी एक तरी ओळ लिहायला हवी होती.