लेकराचं रडणं ऐकायचं यंत्र

राळेगावजवळच्या एका गावात अंकुरच्या हातात नवं यंत्र पडलं, की त्याच्याशी दुसऱ्या विषयावर बोलायची सोय नसे. फवारणीचा बॅटरीपंप आणला, तेव्हा पाठीवर घेऊन त्याने तो गावभर मिरवला होता. पंपात औषधाचा थेंब नव्हता, पण तोरा काय! अशा माणसाला मुलगी झाली, आणि पुण्याच्या आतेभावाने, मंदारने, आपल्या घरातला जुना बेबी मॉनिटर धाडून दिला. मग काय विचारता!

थट्टा सोडा, पण त्या यंत्राची घराला खरंच गरज होती. आदल्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, म्हणून यंदा अंकुरच्या वडिलांनी, नानाजींनी, चिमूटभर कापूस विकू दिला नव्हता. भाव उतरतच चालला होता आणि नानाजी वाट पाहतच होते. मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने ठासून भरलेली. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, म्हणून तान्ह्या स्पृहाचा पाळणा मागच्या खोलीत टांगला होता. स्वयंपाकघर पुढे. पोरगी मागे कितीही रडली तरी तो आवाज कापसातच जिरायचा, आणि तिच्यापर्यंत जायचं म्हणजे अंगणातून अख्ख्या घराला वळसा. अंकुरची बायको सुरभी भाकर तव्यावर टाकून मागे पळे. पहिलंच बाळंतपण, जीव सारखा टांगणीला लागलेला.

यंत्राचे दोन डबे होते. एक पाळण्याजवळ ठेवला, दुसरा चुलीजवळच्या ओट्यावर. मागे पोरगी नुसती कुरकुरली तरी ओट्यावर ऐकू येई. अंकुरच्या आईने, बेबीताईने, आधी नाक मुरडलं. मग तीच ओट्यावरच्या डब्याला "झोपली का व बाई?" म्हणून विचारू लागली, आणि उत्तर आलं नाही की रुसू लागली.

एक दिवस बेबीताई बहिणीकडे गेली होती आणि नानाजी भाव विचारायला राळेगावला. स्पृहाला पाजून, निजवून सुरभी चुलीशी आली, तर अंकुर ओट्यावरचा डबा खिशात घालत होता.

"अहो, ते कायले नेता?"

"वेचणीवर जातो न. तू निवांत सैपाक कर, पोरीकडे मी ध्यान ठेवतो. रडली का तुले फोन करतो."

सुरभीला बरं वाटलं. बाप होऊन कुणी एवढं म्हणतं, हेच तिला खूप होतं.

शेतात पोचताच अंकुरने डबा काढून वेचणीच्या बायांना दाखवला. त्यांतली वयस्कर सत्यशीला डब्याला कान लावून म्हणाली, "भाऊ, आवाज तं काहीच नाही येत."

"झोपली आहे म्हणून नाही येत. हा लाल लाइट पेटला न, म्हणजे चालू आहे मशीन."

बाया तोंडात बोट घालून पाहत राहिल्या. डबा गप्प, लाल दिवा लागलेला, आणि आपली पोरगी किती गुणाची म्हणून अंकुर सकाळभर खूश.

दुपारी तो घरी आला, तेव्हा सुरभी मागच्या खोलीत स्पृहाला छातीशी घेऊन बसली होती. रडून दोघींचे डोळे सुजलेले. फोन काही येत नाही, म्हणून सहज डोकवायला आली, तर पोरगी कधीची रडत होती कुणास ठाऊक. आता ती तोंड उघडून रडत होती, पण घशातून नुसती घरघर निघत होती.

अंकुरने मंदारला फोन लावला. लाल दिवा म्हणजे दोन डब्यांचा संबंध तुटला, मंदार म्हणाला. ते घर-अंगणापुरतंच चालतं. अंकुरला स्वतःची लाज वाटली, इतकी की बायकोकडे पाहवेना.

सुरभीने आवाज चढवला नाही. ती दुपट्यांच्या घड्या घालू लागली. "उद्या मी माहेरी जाऊन राह्यली, दारव्ह्याले. हा कापूस घरातून गेला का सांगा, मंग येतो आम्ही."

कापसाच्या बाबतीत अंकुरने वडिलांपुढे आजवर तोंड उघडलं नव्हतं. त्याने मधल्या खोलीचं दार उघडलं आणि पालाच्या जाड कापडात कापूस भरून तो एकेक गाठोडं अंगणात आणून टाकू लागला. नानाजी परतले ते ओरडतच.

"काय लावलं हे? भाव चढू दे न!"

"बाबा, पोरीचा घसा बसला रडून रडून. घरात कोणालेच ऐकू नाही आलं."

नानाजी वळसा घालून मागे गेले. बराच वेळ ते आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांनी गाठोड्याचं दुसरं टोक धरलं. "रामधन व्यापाऱ्याले फोन लाव," ते म्हणाले. "सकाळीच गाडी घेऊन ये म्हणा."

सकाळी गाडी भरून गेली. बेबीताईने परतून मधली खोली झाडून काढली. सुरभीची पिशवी दाराशीच होती. दुपारच्या एसटीने निघायचं तिने ठरवलं होतं. सगळे जेवायला बसले, आणि मागच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. रात्रीतून घसा सुटला होता; खणखणीत, सगळ्यांना एकदम. घास हातातच राहिले. बेबीताई उठू लागली.

"तुम्ही बसा, आई," सुरभी म्हणाली, आणि काल दुपारपासून पहिल्यांदा तिने नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकू आलं न? मंग जा न!"

अंकुर उष्ट्या हातानेच उठला आणि रिकाम्या खोलीतून सरळ लेकीकडे धावला.