सिव्हिलियन दो

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कसा असेल? गणपतीतल्या नाटकांत तीनदा भूत मीच झालोय... तोंडाला पीठ फासून! तरीही हे लिहितोय.

स्थळ — बोईसर, बंद पडलेल्या एका कारखान्याची रिकामी क्वार्टर्स. सीमेवर लढाई पेटली होती. पायदळाची एक तुकडी शहरातल्या लढाईचा सराव करायला तिथे आली. घराघरांत घुसायचं, शत्रू टिपायचा, अडकलेल्या नागरिकांना सुखरूप बाहेर काढायचं. नागरिक म्हणून बसायला माणसं हवी होती. रोल म्हटल्यावर मी पहिला! खोलीही मागून घेतली — तिसरा मजला, उजवीकडची. तिथे मी आणि माझी बायको नंदा एकवीस वर्षं राहिलो. शेवटी शेवटी तिला जिना चढताना धाप लागायची. गेली तीही त्याच खोलीत. आता इमारत पाडणार होते. मला एकदा तिथे बसायचं होतं, एवढंच... पण सगळ्यांना सांगितलं, नाटकाची हौस!

सकाळी दहाला मी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलो. दाणकन दार उघडलं, चार जवान आत. गोळ्या खोट्या आहेत हे माहीत असूनही मी लटलट कापायला लागलो. मला बाहेर काढून एकाने दारावर खडूने खूण केली आणि ओरडला, "कमरा साफ! सिव्हिलियन दो!"

खोलीत मी एकटाच होतो.

खाली हवालदारांनी चौघांना झापलं, मोजता येत नाही का म्हणून. चौघे ठाम — काकांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. बाकीचे माझ्या ॲक्टिंगचं कौतुक करत होते. तेवढ्यात चौघांतला एक, इथल्याच मासवण गावचा, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काका, काकूंना मी हात दिलेला. त्या बोलल्या, आधी ह्यांना न्या. ते घाबरलेत, पण सांगायचे नाय. मंग जिन्यात बसल्या त्या... धाप लागलेली."

मी धावत वर गेलो. जिना रिकामा.

पुढचे दोन दिवस मी प्रत्येक फेरीला तिथेच बसलो, शेजारी जागा सोडून. दर वेळी आरोळी आली, "सिव्हिलियन एक!" मग तुकडी गेली, इमारतही पडली.

हवालदार म्हणाले, उन्हाने दमलेल्या पोरांना भास झाला असेल. चौघांना एकदम? पण मला छळतं ते वेगळंच. ती वीतभर अंतरावर बसली होती, आणि मी... जवान कधी घुसतात म्हणून सगळा वेळ दाराकडे बघत होतो.