सरकत्या जिन्यावरची बाई

मी अमरावतीत बारावीच्या पोरांना गणित शिकवतो. जे सिद्ध होत नाही त्याला माझ्याकडे अर्धा मार्कही मिळत नाही, पोरांना विचारा. आमच्या घरात देवघर नाही, भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. लहानपणी कोणी ‘बाहेरचं’, ‘अंगात आलं’ असलं काही बोललं की आई लाटणं घेऊन मागे लागायची. तेव्हा हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलोच असतो.

शहराच्या मधोमध असलेला तो मॉल अमरावतीकरांना सांगायला नको. नाव लिहीत नाही, मालकाला उगाच ताप. सुरू झाला तेव्हा लोक कपडे घ्यायला कमी आणि सरकता जिना पाहायलाच जास्त यायचे. वरूड, धामणगाव, दर्यापूरहून गाड्या भरभरून. बाया जिन्याशी आल्या की थबकायच्या. चपला काढायच्या, वाकून पायरीला हात लावून कपाळाला लावायच्या — तोवर पायरी गेलेली वर! मग किंचाळ्या, हसणं, कोणी अर्ध्यातूनच उलटी पळतेय. शेवटी मॅनेजरनं जिन्याशी एक बाई नेमली. मरून साडी, छातीवर बिल्ला. दिवसभर एकच काम, लोकांचा हात धरून त्यांना जिन्यावर चढवायचं. "उजवा पाय आंधी टाका माय... हां, आता उभ्या राहा, भेऊ नका." आणि खाली राहिलेल्या चपला उचलून मागून वर पोचवायच्या.

ती बाई म्हणजे माझी आई. कमल तिचं नाव.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो. तिच्याच पगारावर शिकत होतो आणि तिच्याच कामाची लाज वाटत होती. लोकांच्या चपला उचलते ना! एकदा कॉलेजचे मित्र मला ओढत मॉलमध्ये घेऊन गेले. आई जिन्याशी उभी होती. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मित्रानं विचारलंच, "काबे, ही बाई ओळखते का तुले?"

"नाही बे," मी म्हणालो. "मी कुठून ओळखू?"

तिनं ऐकलं. हसू तसंच ठेवून तिनं माझाही हात धरला, सगळ्यांचा धरायची तसाच. "सांभाळून सर, उजवा पाय आंधी." माझी आई मला सर म्हणाली हो! संध्याकाळी घरी आल्यावर "जेवला का रे?" एवढंच. त्यावर ती पुढे कधीच बोलली नाही आणि माफी मागायला माझं तोंड उघडलं नाही. आज मागू, उद्या मागू... तीन वर्षांपूर्वी ती गेली.

मॉल तिच्याआधीच मेला होता. हायवेकडे मोठी दुकानं झाली, लोक मोबाइलवरून कपडे मागवायला लागले. एकेक शटर खाली आलं, छत गळायला लागलं, आणि वीज कापली तेव्हापासून सरकता जिना नुसताच जिना झाला. आई मात्र स्वतःच्या अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत जायची. मी चिडायचो, "कोणी येत नाही तिथं, काहून जातं तू?" तर म्हणायची, "एखादी म्हातारी आली तं?"

यंदा आमच्या क्लासच्या संजय सरांनी त्याच मॉलचे वरचे दोन मजले भाड्यानं घेतले. साड्यांच्या काउंटरच्या जागी बाकं लागणार. सर भला माणूस. त्यांना सांगता आलं असतं, माझी आई इथं होती म्हणून. नाही सांगितलं.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला पूजा ठेवली होती. सरांच्या आई, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, शेंदूरजनाघाटहून आल्या. संत्र्याची बाग सोडून त्या सहसा कुठं जात नाहीत. हा मॉल त्यांनी बाहेरूनसुद्धा पाहिलेला नव्हता. गुडघ्यांनी पार बेजार. सर त्यांना जिन्याखाली स्टुलावर बसवून वर आले, म्हणाले, आईला खुर्चीत बसवून उचलून आणू. आम्ही खुर्ची शोधतोय तोच काकू वर हजर! एकट्या. डावा हात कठड्यावर, उजवा पुढे, कोणाच्या तरी हातात दिल्यासारखा.

"अवं आई! कशी चढली तू?"

"त्या बाईनं हात धरला न माहा. उजवा पाय आंधी टाका माय, म्हने. मरून साडीवाली. लय चांगली बाई हाय. आपल्याच क्लासात ठेवली का रे?"

काकूंनी पूजेची जागा म्हणून चपला खाली काढल्या होत्या. त्या आता वर होत्या, शेवटच्या पायरीशी, जोडीनं नीट लावलेल्या. वॉचमन पोरांची शपथ घेऊन सांगत होता की त्यानं त्या आणल्या नाहीत आणि खाली बाई कोणीच नाही.

सर माझ्याकडे वळले. "तुम्ही इथलेच ना हो? कोण बाई असेल ही?"

पूजा सांगणारे गुरुजी, बाकीचे शिक्षक, दोन पालक, सगळे माझ्याकडे पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

"काय माहीत सर," मी म्हणालो. "उन्हानं काकूंना भास झाला असेल."

त्यानंतरचा आठवडा मला धड शिकवता आलं नाही. सोपी सोपी उदाहरणं चुकत होतो. पुढच्या रविवारी एसटीनं शेंदूरजनाघाट गाठलं. काकू ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. पाणीही घेतलं नाही, आधी सांगून टाकलं, "काकू, ती बाई माझी आई होती. मी तिला एकदा नाही, दोनदा नाकारलं." आणि पस्तिशीचा बाप्या मी, त्यांच्यासमोर ढसाढसा रडलो.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मले ठाऊक हाय. चढता चढता तिनंच सांगतलं. म्हने, वरते गणिताचे सर हायेत न, तो माहा पोरगा."

ही गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितलेली नव्हती. संजय सरांनाही ती त्यानंतरच कळली, माझ्याकडूनच. चपला वर कशा आल्या, काकूंना हे कसं समजलं, किती डोकं लावलं तरी उत्तर येत नाही. आईचा तर स्वतःचाच असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. कोणाकडे लॉजिक असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. पण त्या दिवशी काकूंनी पुढे जे विचारलं, त्यावर कोणतंच लॉजिक चालत नाही.

"मंग तू काहून नाही म्हनला, बापा? तुह्या मांगंच तं उभी होती ती."